उरलेली जागा

कसबा बावड्याच्या सरुबाईंच्या कपाटात तळहाताएवढी एक डिस्क होती. लेकीच्या, प्रीतीच्या लग्नात नवऱ्यानं, अण्णासोंनी, स्वतःच्या कॅमेऱ्यावर शूटिंग करून भरलेली. पुढं अण्णासो गेले आणि कॅमेरा कोडोलीच्या जोतीराम फोटोग्राफरनं विकत नेला. डिस्क मात्र कुठल्याच प्लेअरवर लागेना.

शेवटी शहरातल्या एका दुकानदारानं उलगडून सांगितलं. "आक्का, डिस्क खराब न्हाय. शूटिंग संपल्यावर ती कॅमेऱ्यातच बंद, म्हंजे पक्की करायची असती, ते ऱ्हायलंय. आता ती त्या कॅमेऱ्यालाच वाचता येणार."

दुसऱ्या दिवशी सरुबाई कोडोलीत हजर. जोतीरामनं माळ्यावरचा कॅमेरा काढून डिस्क घातली. इवल्याशा पडद्यावर मांडव दिसला, हसणारी प्रीती दिसली. अण्णासो कुठंच नव्हते. कॅमेरा त्यांच्याच हातात होता की. एवढ्यात त्यांचा आवाज आला, "सरू, हिकडं बघ की!"

सरुबाईंनी नकळत पदर सावरला.

"बंद करू डिस्क? मग कुठंबी लागंल," जोतीराम म्हणाला. "पर जागा उरलीया. बंद केल्यावर पुढं काय भरता येणार न्हाय."

"नातवाच्या बारशाला ठेवलीवती त्यांनी ती जागा," सरुबाई म्हणाल्या. बारशाआधीच अण्णासो गेले होते.

त्यांनी पडद्यावरच्या प्रीतीकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कर बंद. प्रीतीलाबी ऐकू दे बाचा आवाज."

कॅमेरा घरघरू लागला. तो थांबेपर्यंत सरुबाईंनी त्याच्यावरचा हात काढला नाही.