घटपर्णीचं खत

ओल्या काथ्याचा वास आला की मला नवीन पनवेलच्या आमच्या गॅलरीतली ती दुपार आठवते. नव्वदच्या सुमाराला बाबांनी कुठूनशी एक घटपर्णी आणली होती, पानांच्या टोकांना झाकणवाल्या सुरया लोंबणारी, किडे खाणारी. ती नारळाच्या काथ्यात वाढायची आणि तिला साठवलेलं पावसाचं पाणीच लागायचं. हॉस्पिटलात जाताना बाबा मला बजावून गेले होते, "हिला खत घालायचं नाही हं, मुळं जळतात." ते महिनाभर तिथंच होते. एका दुपारी आई म्हणाली, "नुसत्या काथ्यात कशी जगेल बिचारी?" आणि तिनं सुकापूरहून आणवलेलं शेणखत लाल मातीत कालवून घटपर्णी मोठ्या कुंडीत लावली. कितीतरी दिवसांनी ती काम करताना गुणगुणत होती. मी कुंडी धरून बसले आणि काही बोलले नाही. बाबा घरी आले तेव्हा सगळ्या सुरया काळ्या पडल्या होत्या. आईनं विचारलं, "काय चुकलं हो माझं?" बाबांनी माती चिमटीत घेऊन हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझं काही नाही गं, थंडी बाधली तिला." आत पंखा चालू होता. पुढच्या पावसाआधी बाबा गेले. आज मी माझ्या घटपर्णीची कुंडी बदलत होते, तर शेजारी बसलेली आई म्हणाली, "हिला थंडीत आत घेत जा. तुझ्या बाबांची ती थंडीनंच गेली." मी हातातला काथ्या पिळला आणि म्हटलं, "हो, घेते."