दहा हजार सात

काल चाकणला आमच्या डिस्पॅचमध्ये एक गाडी दुपारपर्यंत अडकून पडली. कारण ऐकाल तर हसाल... मला मात्र अजून हसू आलेलं नाही.

एक जुनं मॉडेल बंद झालं, त्याचे उरलेले सगळे बुश कस्टमरला परत पाठवायचे होते. बुश म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, अंगठीएवढे नग, पन्नास-पन्नासच्या पुड्यांत. मोजायचा काटा दुरुस्तीला गेलेला, म्हणून सुनंदाताईंनी शुक्रवारी हातानेच मोजले. ताई कॉन्ट्रॅक्टवर आहेत, जालन्याकडच्या, भोसरीत खोली घेऊन राहतात. आकडा आला दहा हजार सात.

कस्टमरचं नवं सॉफ्टवेअर म्हणतं, प्रत्येक बॉक्समध्ये नग सारखेच पाहिजेत. मी पन्नासने बघितलं, अठ्ठेचाळीसने बघितलं, तेराने, सतराने... स्क्रीन आपली लाल ती लालच.

आमच्याकडे पक्की समजूत आहे, आकडा बसत नाही म्हणजे मोजणाऱ्याचं चुकलं. मीही तेच धरून चाललो. ताईंना परत मोजायला लावलं, तेवढेच आले. मग तिसऱ्यांदा लावलं...

आठवडाभर पहिली शिफ्ट, रोज पहाटे चारला उठणं, डोकं जाग्यावर नव्हतं. सगळ्यांसमोर ओरडलो त्यांच्यावर. म्हणालो, सात नग टाका स्क्रॅपमध्ये आणि दहा हजार करा, नाहीतर मोजणी चुकल्याचा मेमो तुमच्या नावावर निघेल. याच महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. मेमो निघाला तर त्या घरी बसतील हे मला माहीत होतं, तरी म्हणालो.

“न्हाई टाकणार सर. तीनदा मोजले म्या. हायेत तेवढे हायेत.”

मेमो लिहायला बसलो. आकडा लिहिला आणि पेन थांबलं... मी बीएस्सी मॅथ्स आहे. इथे कुणाला ठाऊक नाही, मीही जवळजवळ विसरलोय.

त्याच कागदाच्या मागे भागाकार करत बसलो. दहा हजार सातचं वर्गमूळ शंभरच्या किंचित पुढे, म्हणजे शंभरच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून बघितलं की काम झालं. दोन, तीन, पाच, सात... करत करत सत्त्याण्णवपर्यंत आलो. एकानेही भाग जाईना.

मूळ संख्या निघाली राव! फक्त एकाने आणि स्वतःनेच भाग जाणारी. ताईंनी दहा वेळा मोजलं असतं, तरी सारखे बॉक्स होणारच नव्हते.

मग सगळ्या पुड्या आणि वरचे सात सुटे नग एकाच मोठ्या लाकडी पेटीत भरले. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, बॉक्स एक, नग दहा हजार सात. स्क्रीन हिरवी झाली, गाडी गेली, मेमो फाडला.

शिफ्ट सुटताना ताई नळावर डबा धूत होत्या. आजूबाजूला कुणी नाही बघून मी हळूच सॉरी म्हणालो. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“सर, वरडलात तवा समदे व्हते.”

घरी येऊन जेवलो, आडवा झालो... झोप काही लागली नाही. खूप लाज वाटली.

आपल्या डिपार्टमेंटचे निम्मे लोक माझ्या पोस्ट वाचतात, म्हणून इथे लिहितोय. सुनंदाताईंची मोजणी तिन्ही वेळा बरोबर होती, चूक माझी होती. उद्या शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर हेच मोठ्याने सांगणार आहे. ताई, मी सांगूनही तुम्ही ते सात नग टाकले नाहीत... थँक्यू.