डोकं टेकलं का?

गल्लीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. कपड्यांची नव्हे, माणसांची इस्त्री. कुणाची मान अवघडली, कुणाचा खांदा उतरला, कुणाची कंबर धरली की मंडळी तिच्या पुढच्या खोलीत येऊन अरुंद टेबलावर पालथी पडायची. बोलायला ती मुळीच गोड नव्हती. आलेल्या माणसाला आधी चपला काढायला लावून त्यांचे तळ बघायची, मग त्याला भिंतीजवळ उभं करायची. "सगळा भार एकाच पायावर. दुसरा काय भाड्याने दिलाय?" मग कोपर टेकवून, स्नायू आपणहून सैल पडेपर्यंत दम धरून थांबायची. जोर करायची नाही. जोर केला की अंग भांडायला उठतं, हे तिचं ठाम मत होतं आणि त्यात ती कुणाचं ऐकून घेत नसे.

मागच्या खोलीत तिची आई असायची, आणि आई पार वाकलेली होती. मणके दबून म्हातारीची हनुवटी छातीला लागली होती. "मी सगळ्यांना गुडघ्यांवरून ओळखते," असं ती हसत सांगायची. जगाला सरळ करते आणि घरात हे काय, असा टोमणा कुणी ना कुणी मारायचंच. इस्त्रीबाईला तो झोंबायचा. झिजलेले मणके कुणाच्याही हातांनी पुन्हा उभे राहत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईला तेवढं सांगणं मात्र तिला काही जमत नव्हतं.

कारण आईला वाकल्याचं दुःख नव्हतं. भीती होती ती नंतरची. तिची सासू अशीच वाकलेली होती. ती गेली तेव्हा तिरडीवर नीट राहीना, म्हणून घरच्यांनी छातीवर आणि गुडघ्यांवर भार टाकून तिला सपाट केलं होतं. आई तेव्हा दारात उभी होती.

"माणूस होतं गं ते," आई म्हणायची. "आणि भरलेल्या पेटीचं झाकण दाबावं तसं दाबलं. माझं तसं होऊ देऊ नकोस. आहे तोवर सपाट कर मला."

रोज दुपारी लेक तिला पलंगावर उताणी निजवायची. बरगड्यांच्या कडेने बोटं फिरवून श्वास मोकळा करायची, मानेचा ताण उतरवायची. आईला बरं वाटायचं, डुलकीही लागायची. पण डोकं गादीपासून वीतभर वरच राहायचं, आणि उशी त्याखाली लागायचीच.

"डोकं टेकलं का गं?"

"अजून नाही, आई."

हे उत्तर देऊन देऊन तिचा जीव विटला. एके दुपारी तिने आईच्या डोक्याशी, चादरीखाली पांघरुणाची जाड घडी सरकवली, उशी काढून घेतली आणि म्हणाली, "टेकलं."

आईचा चेहरा असा उजळला की लेकीला स्वतःची लाज वाटली. पण त्या दिवसापासून म्हातारी पोटभर जेवू लागली, शेजारच्या मावशीशी थट्टामस्करी करू लागली. "लेकीच्या हाताला गुण आहे बाई. मी आता सपाट झोपते!" मग घडी रोजच सरकू लागली आणि रोजच गुपचूप कपाटात जाऊ लागली. वेळ येईल तेव्हा आपण आईला कुशीवरच ठेवायचं, कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ते बोलून दाखवायचं तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणून ती गप्प राहिली.

एका सकाळी बसड्रायव्हरची बायको धावत आली. नवऱ्याची कंबर अशी धरली होती की त्याला अंथरुणातून उठता येईना. मावशीला आईजवळ बसवून इस्त्रीबाई निघाली. दुपार होईपर्यंत ती त्याच्या कंबरेशी झटत होती. शेवटी तो भिंत धरून उभा राहिला, आणि तीही कधी नव्हे ती खुशीत घरी परतली.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

"पाणी पिता पिता गेल्या गं," मावशी रडत सामोरी आली. "सकाळीच. काही त्रास झाला नाही. त्या ड्रायव्हरचं घर कुणालाच ठाऊक नाही, तुला कुठे शोधायचं तेच कळेना."

आई पलंगावर उताणी होती. डोकं गादीला टेकलेलं, पाय लांब केलेले, अंगावर स्वच्छ चादर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा गळा दिसत होता.

"बघ, कशा सरळ झोपल्यात. तुझीच मेहनत," मावशी डोळे पुसत म्हणाली. "त्याच सांगायच्या ना, आता सपाट झोपते म्हणून. आधी जरा अडत होत्या. वाटलं, अंग आखडलं असेल. मग आम्ही तिघींनी धरून नीट निजवलं."

इस्त्रीबाईने आईच्या पाठीखाली हात घातला. बोटं एकेका मणक्यावरून खाली सरकली आणि एका जागी थांबली. मावशीवर ओरडावं असं तिला वाटलं, पण त्या बिचारीने ऐकलेलंच खरं मानलं होतं.

"आवाज झाला का?" तिने विचारलं.

"झाला ना," मावशी म्हणाली. "आम्हाला वाटलं, पलंगच करकरला."