एक जूनच्या मुली आणि एक सही

डॉ. विशाखा रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्यावर मनातून चांगलाच रागावलो होतो. कर्वेनगरातल्या आमच्या बालसदनाच्या विश्वस्त मंडळावर त्या नव्यानेच आल्या होत्या. मी सदनाचा कार्यालयप्रमुख, म्हणजे पत्रव्यवहार, नोंदवह्या आणि सभेचा चहा यांचा मालक. सभा चारची होती. बाकीचे विश्वस्त स्थानापन्न झाले आणि या बाई खुर्चीत पर्स ठेवून म्हणाल्या, "आधी मुलांना बघून येते."

मी म्हणालो, "ते कार्यक्रमपत्रिकेत नाही."

"मग पुढच्या वेळी घाला," म्हणाल्या आणि गेल्या.

अर्ध्या तासाने परत आल्या, त्या खरूज झालेल्या मुलांची यादी घेऊनच. अध्यक्षांचा चहा गार झाला होता. पुढच्या सभेपासून विषय क्रमांक एक 'मुलांची भेट' असा झाला आणि तो मलाच माझ्या वळणदार अक्षरात लिहावा लागला. त्या अक्षराचा मला फार अभिमान होता. तो पुढे कसा उतरला, ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख आहे.

डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा त्यांनी एका अटीवर होकार दिला. "जोगळेकर लिहिणार असतील तर सगळं लिहायचं. नुसते हार घालायचे असतील तर ग्रंथ नको." मी हबकलो. गौरवग्रंथात असले काही छापत नाहीत, असे मी म्हणून पाहिले. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्यांच्या त्या पाहण्यापुढे आजवर कोणाचे काही चाललेले नाही.

डॉक्टरांचा दवाखाना मंडईजवळ. सकाळी तिथली गर्दी संपवून दर गुरुवारी त्या स्कूटरवरून सदनात यायच्या. मुलांची वजने घ्यायच्या, कान तपासायच्या, नखे स्वतः कापायच्या. विश्वस्ताने नखे कापावीत का, यावर आमच्याकडे कुजबुज झाली. ती त्यांच्या कानावर गेली असावी, कारण त्यानंतर एका गुरुवारी त्यांनी अध्यक्षांनाही नेलकटर देऊन बसवले.

डॉक्टर मंडळावर येऊन वीस वर्षे होत आली, तेव्हा पुण्यात संगणकाच्या कंपन्या भराभर येत होत्या. तिथली तरुण मंडळी दर शनिवारी केक घेऊन सदनात आपले वाढदिवस साजरे करायला यायची. हेतू चांगलाच असायचा. पण मुले रांगेत उभी राहून अनोळखी माणसांसाठी टाळ्या वाजवायची आणि रात्री पोट धरून रडायची. डॉक्टरांनी दारावर पाटी लावली : "वाढदिवस साजरा करणाऱ्यांनी प्रथम मुलांबरोबर बसून पालकाची भाजी निवडावी. त्यानंतरही उत्साह टिकल्यास केक कापावा." गर्दी निम्म्यावर आली. जी मंडळी येत राहिली, ती मात्र कायमची आमची झाली.

त्यातलीच एक मुलगी, एका कंपनीत काम करणारी, आमच्या नोंदवह्या संगणकात भरून द्यायला सुट्टीच्या दिवशी यायची. मे महिना होता आणि त्या गुरुवारी तिला सुट्टी होती. डॉक्टर शेजारच्या खोलीत मुलांची वजने घेत होत्या. ती मुलगी मला म्हणाली, "सर, डेटामध्ये काहीतरी एरर आहे. सगळ्यांची डेट ऑफ बर्थ सेमच येतेय. फर्स्ट जून."

मी हसलो. तिला समजावले की ही चूक नव्हे, पद्धत आहे. ज्या मुलाची जन्मतारीख ठाऊक नाही त्याची एक जून लिहायची. शाळा जूनमध्ये उघडतात, सोयीचे पडते. महाराष्ट्रात असे कितीतरी लोक आहेत.

डॉक्टर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "तारीख समजली. साल कसं ठरवता?"

मी सरळ सांगून टाकले. लपवण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटतच नव्हते. पोलिसांनी आणून सोडलेले मूल तीन-चार वर्षांचे दिसले, तरी मी त्याचे वय सहा लिहायचो. सहा पूर्ण असल्याशिवाय महापालिकेची शाळा पहिलीत घेत नसे, आणि दिवसभर लहान मुले सांभाळायला आमच्याकडे माणूस नव्हता. मूल शाळेत गेले म्हणजे मार्गी लागले. मला ते पुण्यकर्म वाटत होते.

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. "आणि वयाचा दाखला?"

"तुमचाच," मी म्हणालो. "दरवर्षी जूनच्या आधी मी गठ्ठा घेऊन दवाखान्यात यायचो. तुम्ही पेशंट बघता बघता सह्या करायचात."

संगणकाच्या पडद्यावर एक जूनची रांग तशीच होती. मग त्यांनी विचारले, "छायाचं लग्न कधी आहे?"

छाया हे तिचे खरे नाव नव्हे. ती लहानपणी स्वारगेटच्या बसस्थानकावर सापडली होती. येत्या एक जूनला ती कागदोपत्री अठरा वर्षांची होणार होती आणि अठरा झालेल्या मुलीला सदनात ठेवता येत नसे. त्यामुळे मंडळाने तिचे लग्न ठरवले होते, पाच जूनचे. मुलगा कारखान्यात कामाला, माणसे बरी. पत्रिका वाटून झाल्या होत्या. छाया तेव्हा दोनदा दहावी नापास झालेली होती आणि सदनात सगळे तिला मठ्ठ म्हणत. मीही म्हणत असे.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला रिक्षात घालून नेले, मनगटाचे आणि कोपराचे एक्स-रे काढले, दातांच्या डॉक्टरांना दाखवले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फिल्म ठेवून त्या म्हणाल्या, "हाडं अजून वाढतायत. पोरगी सोळाची आहे. आपण तिला चौथ्या वर्षी पहिलीत बसवलं, जोगळेकर. ती मठ्ठ कशी असेल?"

मी हादरलो. इतकी वर्षे मी ज्याला नीटनेटके काम समजत होतो, त्याचे हे फळ होते.

तरीही मी तोंड उघडलेच. म्हणालो, "डॉक्टर, अहो, लाखोंची एक जून आहे. कोणाचं काय बिघडलं?"

"माझीही एक जूनच आहे," त्या म्हणाल्या. "दापोडीच्या शाळेत मास्तरांनी लिहिली. माझ्यामागे आईवडील होते, म्हणून नाही बिघडलं. या मुलींना फक्त तुमची वही होती."

तातडीची सभा बोलावली गेली. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, तसे सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. कागद पक्का आहे. पत्रिका गेल्यात. सदनाची अब्रू जाईल. आणि डॉक्टर, दाखल्यावर सही तुमचीच आहे."

"माझीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ती खोटी आहे. मुलीला न तपासता केलेली आहे. हे लग्न झालं तर तो बालविवाह होईल आणि तो मी लावून दिलेला असेल."

"हे इतिवृत्तात येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"येईल. जोगळेकर, लिहा."

मी लिहिले. इतकी वर्षे इतिवृत्ते लिहिली, पण सभेत कोणी स्वतःवर असा आरोप केलेला मी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी दोन अर्ज आणले होते. एक सरकारी कार्यालयाला, छायाचे वय दुरुस्त करण्यासाठी. दुसरा डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेला, स्वतःविरुद्ध तक्रार म्हणून. त्यांचे नाव नोंदणीतून जाऊ शकले असते आणि मंडईजवळच्या दवाखान्याला कुलूप लागले असते. कोणी मागितले नव्हते, कोणाला कळलेही नसते. पुढे परिषदेने लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवले, पण ते कळेपर्यंतचे महिने त्या रोज दवाखान्यात जाऊन नेहमीसारखे रुग्ण तपासत होत्या.

लग्न मोडले. मुलाकडच्यांनी आम्हाला नाही नाही ते ऐकवले आणि आम्ही ते मान खाली घालून ऐकले. छायाला सगळे समजावून सांगायचे काम डॉक्टरांनी दुसऱ्या कोणावर सोपवले नाही. मी शेजारी होतो. लग्न का मोडले, सदनात आणखी दोन वर्षे कशी राहता येतील, हे छायाने मुकाट्याने ऐकले. मग तिने एकच विचारले, "म्हणजे मी मठ्ठ नव्हते?"

डॉक्टरांनी तिचे डोके पोटाशी धरले. मी बाहेर निघून आलो. छाया त्यानंतर दहावी झाली, बारावी झाली, आणि आज डोळ्यांच्या एका दवाखान्याचा सगळा कारभार तिच्या हाती आहे.

मी राजीनामा लिहून नेला. डॉक्टरांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "तुम्ही गेलात तर त्या जुन्या वह्या कोण वाचणार? आणि छायाच्या आधी आपण किती मुलींची लग्नं लावली, ते काढा."

ते मला सुचलेच नव्हते. मी वह्या काढल्या. सात निघाल्या. साती जणींची जन्मतारीख एक जून, साती दाखल्यांवर तीच सही आणि साती नोंदी माझ्या वळणदार अक्षरात. लग्नांत मी स्वतः अक्षता टाकल्या होत्या, जेवलोही होतो.

डॉक्टरांनी त्यांना शोधायला सुरुवात केली. मला बरोबर घेतले. वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने, रिक्षाने, कधी पायी हिंडलो. पाच जणी सापडल्या. एकीचा संसार सुखाचा होता. ती हसून म्हणाली, "आता ते वय परत घेऊन काय करू, डॉक्टरबाई? राहू द्या तुमच्याकडंच." दौंडच्या पुढे एका वाडीत दुसरी भेटली. तिचे पहिले बाळंतपण कागदावरच्या अठराव्या वर्षी, म्हणजे खऱ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाले होते. मूल वाचले नव्हते. "कोवळ्या अंगाला झेपलं नाय, म्हनली दायी," ती म्हणाली. "मी म्हनलं, अठराची हाय की मी."

डॉक्टर तिच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हात जोडले. कारण सांगितले, सही आपली असल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या डॉक्टर आपल्यापुढे का बसल्यात, हे त्या बाईला आधी उमगेना. उमगल्यावर ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डॉक्टर तिथेच बसून होत्या. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. माझ्याने ते पाहवले नाही, हे मी आज कबूल करतो.

डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेले अनेक जण या ग्रंथात त्यांच्या निदानाबद्दल, शिस्तीबद्दल लिहितील. ते सारे खरे आहे. मला मात्र त्यांचा मोठेपणा त्या उंबऱ्याबाहेर दिसला, आणि त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

आदरणीय डॉक्टर, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे चालते राहोत, नजर शाबूत राहो. ही इच्छा स्वार्थाची आहे. दोघी अजून सापडायच्या आहेत, आणि त्यांच्या दारात एकट्याने उभे राहण्याची माझी हिंमत नाही.