आप्पांच्या गाडीतले तिघं जेवणारे

बाजारकऱ्याच्या गाडीत माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल विकला जातो. किस्से कुणी विकत घेत नाही, म्हणून ते घरी येऊन पडतात. माझ्याकडं असे बरेच पडून आहेत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक खाण्याचेच आहेत. आम्ही धंदा केला पोटासाठी, त्यामुळं लक्षातही पोटाचंच राहिलं!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. उमरग्याहून आमची एक बैलगाडी आठवडी बाजारांना निघायची. मुरूम, नळदुर्ग, लोहारा, जिथं बाजार तिथं आम्ही. गाडी आणि बैल आप्पांचे. ते लिंगायत, माल हळद-मिरची-धण्याचा, आणि स्वभावही त्याच मालाचा. दुसरे गफूरभाई मणेर, बांगड्यांचे व्यापारी. आमच्यात वडीलधारे तेच. तिसरा मी, भानुदास, लुगडी-खणवाला. मी मूळचा बार्शीकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला, त्यामुळं गाडीत कुठलीही चूक झाली की ती माझीच धरायचे.

आप्पांचा एक हट्ट होता. वर्षभर कुठंही, कसंही खाऊ; पण येळवशीच्या सणाला तिघांनी त्यांच्या रानात जेवायचं. म्हणायचे, "मरण आलं तरी त्याला म्हणायचं, येळवस झाल्यावर ये."

*

सोलापूरला माल भरायला गेलो की एका खानावळीत जेवायचो. पोटभर जेवणाची खानावळ. पण तिथली आमटी पहिल्या वाटीला आमटी असायची, दुसऱ्या वाटीला तिची आठवण आणि तिसऱ्या वाटीला गरम पाणी.

आप्पांनी एकदा तिसऱ्या वाटीत बोट बुडवलं, तर ते नखापर्यंत स्वच्छ दिसलं. मग मालकाला हाक मारली.

"ह्यात डाळ हाय का?"

"तळाला बसली असंल, आप्पा."

"मग मी पण बसतो." आणि आप्पांनी मांडी घट्ट केली.

मालकानं सांगितलं, आमटी संपली. आप्पा म्हणाले, "नवी टाका. म्या लिंगपूजा करून ताटावर बसलोय. अर्धवट उठणार न्हाय." मागं जेवणाऱ्यांची रांग लागली. आप्पांच्या कपाळावरच्या भस्माला घामसुद्धा आला नाही. शेवटी डाळ शिजली. चुलीवरनं उतरली ती थेट आप्पांच्या ताटात.

पुढच्या खेपेला आम्ही दारात दिसताच मालक आत ओरडला, "डाळ वाढवा रे, उमरग्याची गाडी आली!"

*

वाटेवरच्या एका गावात एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, एक पत्रा, एक भट्टी आणि दोन बाकडी. तिथं भजी झकास मिळायची. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा हॉटेलवाल्यानं आप्पांना आणि मला आत बसवलं. गफूरभाईंना बाहेरच्या दगडाकडं बोट दाखवलं आणि त्यांच्यासाठी कान तुटलेला कप काढला. तेव्हा सगळीकडं हीच रीत होती. गफूरभाई दगडावर जाऊन बसले.

आप्पा उठले आणि त्यांच्या शेजारी बसले. मीही उठलो.

"आप्पा, तुमी आत बसा की," हॉटेलवाला म्हणाला.

"आत उकडतंय. चहा हितंच दे. ह्याच कपात दे."

"असला कप एकच हाय."

"मग येकायेकानं पिऊ. आमाला कुठं घाई हाय?"

आधी भाई प्याले. मग कप विसळून आप्पा प्याले, मग मी. मग आप्पांनी दुसरी फेरी मागवली. एवढ्यात गावातली माणसं जमली. तिघं जाणती माणसं एका फुटक्या कपासाठी नंबर लावून बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. हॉटेलात आत कुणी जाईना, सगळे आम्हालाच बघत उभे. भट्टीवरची भजी काळी पडायला लागली.

पुढच्या बाजाराला हॉटेलवाला स्वतः बाहेर आला. गफूरभाईंना म्हणाला, "भाई, आत या. कप धुऊन ठिवलाय."

गफूरभाई दगडावर बसत म्हणाले, "नक्को बाबा. हितं वारा चांगला येतो."

शेवटी त्यानं बाकडंच बाहेर आणून टाकलं.

*

आंब्याच्या दिवसांत सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं गफूरभाईंच्या नातवंडांसाठी आंब्याची पाटी दिली. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे जकात. तिथला कारकून म्हणाला, "ह्या आंब्यांवर करोडगिरी द्यावी लागेल."

"भेट हाय," भाई म्हणाले.

"भेट असो का काही असो, माल हद्दीत शिरतोय."

आप्पा म्हणाले, "न्हाय शिरत." आणि त्यांनी पाटी उतरवून नाक्याच्या अलीकडच्या लिंबाखाली ठेवली. "भाई, बसा. भान्या, बस. हद्दीच्या अलीकडंच संपवू."

मी म्हणालो, "नातवंडांचं काय?"

भाई म्हणाले, "नातवंडांना कोया नेऊ. झाडं लावतील."

आम्ही खायला लागलो. पण पाटी मोठी, आंबा रायवळ, रस कोपरापर्यंत. थोड्या वेळानं नाक्यावरचे शिपाई जवळ आले. आप्पांनी त्यांना बसवलं. उन्हात वास दरवळला तसा कारकूनही आला. आधी "नको नको" म्हणाला, मग "एकच" म्हणाला, मग काही म्हणायला त्याचं तोंड मोकळं राहिलं नाही.

पाटी रिकामी झाली. आम्ही गाडी जुंपली. गफूरभाईंनी हात पुसले आणि अगदी अदबीनं कारकुनाला विचारलं, "साहेब, माल तर तुमच्या पोटातनं हद्दीत चालला. आता करोडगिरी कुणी भरायची?"

*

एका साली श्रावण आणि रमजान एकत्र आले. सोमवार होता. आप्पांचा उपास, गफूरभाईंचा रोजा. गाडीत खाणारा मी एकटाच, आणि माझ्या बायकोनं त्याच दिवशी पुरणाचे दिंड बांधून दिले होते. श्रावणात आमच्या घरी दिंड म्हणजे सोनंच. केळीच्या पानात गुंडाळलेले, वर तूप.

मी डबा उघडला. आप्पा पलीकडं बघायला लागले, भाई बैलांकडं बघायला लागले. मी डबा मिटला. दुपारी पुन्हा उघडला. आप्पा म्हणाले, "खा की रे. आमी कुठं बगतोय?" हे त्यांनी डब्याकडं बघत म्हटलं. मी पुन्हा मिटला.

आप्पांना उपास सोडायचा दिवस मावळल्यावर, भाईंनाही तेव्हाच. पण आभाळ असं गच्च भरलेलं की दिवस आहे का गेला हेच कळेना. आप्पा म्हणाले, "मावळला." भाई म्हणाले, "हौ, पण खात्री न्हाय." थोड्या वेळानं भाई म्हणाले, "आता मावळला असंल." तर आप्पा म्हणाले, "असंल म्हणून कसं चालंल?" दोघं एकमेकांसाठी थांबलेले, आणि कुणी आधी तोंड लावायला तयार नाही. एवढा निश्चय मी देवळातही बघितला नाही.

चांगला अंधार झाला तेव्हा भाईंनी खजूर काढले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला.

"ह्याला द्या आदी. रोजा आपला, पण तोंड ह्याचं सुकलंय!"

*

येळवस म्हणजे काय ते मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. बार्शीकडं ती नाही. पौषाच्या तोंडाशी येणारी अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात पूजा, मग हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकात शिजवलेली लसणीची आंबील. त्या दिवशी शेजारच्या गावात एकही बाजारकरी येत नाही, असं ऐकून मी हुशारी केली. दुसरं कोणी नाही म्हणजे सगळं गिऱ्हाईक आपलं! पहाटेच निघालो, चौकात लुगडी मांडून बसलो.

गिऱ्हाईक म्हणून एक कुत्रं आलं.

उन्हं वर आली तेव्हा डोक्यावर पाटी घेतलेला एक शेतकरी घाईनं चालला होता. मला बघून थांबला. "तुला कुणी न्हाय का रं?" त्याला इतकी दया आली की त्यानं गठुळं बांधायला लावून मला रानात नेलं. तिथं जेवलो. बांधावरनं शेजारी आला, त्याच्याकडं जेवलो. नाही म्हणायची सोयच नव्हती. असं जेवत जेवत, रानं तुडवत, आप्पांच्या शेतात पोहोचलो तेव्हा मला वाकता येत नव्हतं.

आप्पांच्या बायकोनं, गुरुबाई वहिनींनी विचारलं, "ऊटा?" त्यांच्या कानडीत ऊटा म्हणजे जेवण. मी हात जोडले.

आप्पा म्हणाले, "माझ्या रानातनं उपाशी जातोस व्हय?"

गफूरभाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि आप्पांना म्हणाले, "आडवा कर त्याला. आडव्यात जास्त मावतं."

*

आता शेवटचा.

भादव्यात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि निजामाचं राज्य संपलं. त्याच्या आधी एका बाजूची माणसं दार लावून बसत होती, आता दुसऱ्या बाजूची बसायला लागली. गफूरभाईंनी बांगड्यांच्या माळा खुंटीला अडकवल्या त्या अडकवल्याच. गाडीत आम्ही दोघंच. त्यांची जागा मोकळी दिसते म्हणून मी तिथं माझं गठुळं ठेवलं, तर आप्पांनी ते खाली फेकलं.

येळवस जवळ आली. आप्पा बोलवायला गेले, मीही बरोबर होतो.

"नक्को आप्पा," भाई म्हणाले. "पेठेतनं यायचं म्हंजे लोक बगतेत. तुझ्या रानात कुणी कायतरी बोललं तर तुझा सण नासंल."

"बोलंल त्याचं म्या बगतो."

"तेच तर नक्को."

मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला गावोगावच्या लेकीबाळी "भाई आले" म्हणून हात पुढं करायच्या, तो स्वतःच्या दारात उभा राहायला कचरत होता. आप्पा दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. उत्तर तेच.

येळवशीच्या सकाळी आप्पांच्या घरातनं आम्ही निघालो. बायकांच्या डोक्यावर पाट्या, आणि आप्पांच्या डोक्यावर नव्या घोंगड्यात गुंडाळलेली आंबिलीची घागर. घागर घरच्याच माणसानं न्यायची, अनवाणी न्यायची आणि रानात पोहोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हा रिवाज. घागर येताना दिसली की लोक वाट देतात.

रान डावीकडं. आप्पा उजवीकडं वळले. मला वाटलं चुकले. वहिनी मात्र काही न विचारता त्यांच्यामागं वळल्या. आप्पा थेट गफूरभाईंच्या गल्लीत शिरले आणि दारापुढं उभं राहून हाक मारली.

दार अर्धं उघडलं.

"आप्पा, रानाची वाट ही व्हय?"

"भाई, जरा घागर धरा. माझ्या चपलंचा अंगठा तुटला."

भाईंनी आप्पांच्या पायांकडं बघितलं. दाराआडनं भाभींनीही बघितलं. मग भाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली, स्वतःच्या चपला उंबऱ्यात काढल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

घागर त्यांच्या डोक्यावर गेली. आप्पा बाजूला झाले, वहिनी पुढं झाल्या आणि आम्ही चालायला लागलो. गल्ली संपली, पेठ आली. पेठेत माणसं होती. काही बघत राहिली, काहींनी माना वळवल्या, पण वाट सगळ्यांनी दिली. एका म्हाताऱ्यानं सवयीनं घागरीला हात जोडले. मग घागरीखालचा माणूस कोण ते त्याला दिसलं. हात त्यानं तसेच ठेवले. भाईंची मान ताठ होती. आप्पा त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत होते आणि रस्त्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होते.

रानात पोहोचलो. घागर आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात तसं वहिनींनी भाईंच्या पायांवर तांब्या ओतला. आप्पांनी घागर उतरवून कोपीत ठेवली.

भाई मान चोळत म्हणाले, "आप्पा, तेवढी चप्पल शिवून घे बाबा."

आप्पांनी आपल्या धुळीनं भरलेल्या अनवाणी पायांकडं बघितलं.

"व्हय भाई. उद्याच घेतो."