हाताने हरवता येईल अशी मोटर

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. बशीत कप ठेवताना आवाज व्हायचा. आम्ही दोघांनीही ते दमण्यावर ढकललं. मग एका रविवारी ते विमान उडवून घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "माझा हात हलला की पंख हलतात. आज कळलं."

विमान म्हणजे मायक्रोलाइट. दोन माणसांपुरतं, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर कापड ताणलेलं. ते आणि देवळाली कॅम्पात राहणारे त्यांचे एक निवृत्त फौजी मित्र, अशा दोघांच्या मालकीचं. विंचूरच्या पलीकडे एका बागायतदाराने माळावर धावपट्टी सपाट करून दिली होती. रविवारी कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत आमची गाडी तिथे जायची. लोक सुट्टीला महाबळेश्वरला जायचे, आम्ही त्या माळावर. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आकाशातून उतरल्यावर ते तासभर भरभरून बोलायचे, एरवी फार कमी.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. एकट्याने उडवणं संपलं, हे त्यांनी निमूट मान्य केलं. पण मित्राने विमान वर न्यावं, मित्रानेच उतरवावं आणि मधला थोडा वेळ विमान वळवायची काठी आपल्या हातात असावी, एवढं त्यांना हवं होतं. ते करून पाहिलं, तर विमान सगळा वेळ डुचमळत राहिलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात ऑटोपायलट आला. परदेशात मिळणारा आमच्या विमानापेक्षाही महाग होता. ते कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. म्हणाले, आपण स्वस्तातला बनवू. सगळं विमान चालवायचं नाही, फक्त पंख सरळ धरायचे.

त्यासाठी एक जायरो लागतो. आत भोवऱ्यासारखं चाक फिरत असतं आणि विमान एका बाजूला वळू लागलं की ते त्याला कळतं. जुना जायरो मित्राने कुठूनतरी मिळवला. कारची काच वर-खाली करणारी मोटर द्वारका चौकाजवळच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आणली. जायरोने सांगायचं, मोटरने काठी ओढायची. मी लग्नाआधी सातपूरला इलेक्ट्रिक मीटरच्या कंपनीत सोल्डरिंग करत होते, त्यामुळे तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं. ते बोट दाखवायचे, मी डाग द्यायची. कधी बोट नेमक्या जागी थांबायचं नाही. मग मी त्यांचं मनगट धरायची आणि आम्ही दोघं मिळून ती जागा शोधायचो.

हे सगळं बसवायची पेटी करायला घेतली त्याच दिवशी त्यांनी एक नियम घातला होता. मोटर कधी बिघडली, तर काठी धरणाऱ्याला ती नुसत्या हाताने हरवता आली पाहिजे. म्हणून मोटर आणि काठी यांच्यामध्ये त्यांनी एक क्लच बसवला. ठरावीक जोरापुढे तो घसरायचा आणि काठी मोकळी व्हायची. तो जोर किती, हे एका स्क्रूवर होतं.

पट्टीवरच्या शेडमध्ये पेटी बसवली. विमान जमिनीवर, इंजिन बंद. मित्राने पेटी हाताने तिरकी केली, मोटरने काठी डावीकडे ओढली. ह्यांनी ती उजवीकडे खेचायची होती. हात निघाला, पण उशिरा; आणि पोचला तेव्हा त्यात जोर नव्हता. काठी डावीकडेच राहिली. ह्यांनी स्क्रू थोडा सैल केला. पुन्हा तेच. पुन्हा सैल केला. असं करत करत शेवटी एकदा काठी त्यांच्याकडे आली, तेव्हा मला बरं वाटलं. मित्र मात्र स्क्रू किती सैल झालाय ते वाकून पाहत होते.

दोघे वर गेले आणि लगेच खाली आले. साध्या वाऱ्याने पंख कलला, मोटर फिरत राहिली, क्लच घसरत राहिला आणि काठी जागची हलली नाही. ह्यांना हरवता येईल इतकी कमजोर मोटर विमान धरू शकत नव्हती.

मित्र म्हणाले, "अरे, घट्ट कर तो स्क्रू. मी शेजारी असतोच ना. काही झालं तर मी ओढीन."

"तू ओढणार असशील तर मी प्रवासी," हे म्हणाले. "प्रवासी मला कधीही होता येईल."

तरी त्यांनी स्क्रू घट्ट केला. मित्राच्या हाताच्या मापाने. पुढच्या रविवारी मित्राने उडवलं, हे बाजूला बसले. वर गेल्यावर मित्राने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विमान चांदवडच्या डोंगरांकडे सरळ रेषेत जात राहिलं. मी ते खालून पाहिलं. उतरल्यावर मित्र मला कौतुकाने सांगत होते, वहिनी, यंत्र बोट ठेवायला जागा देत नाही. ह्यांना पट्टा सोडता येत नव्हता, तो मी सोडला.

परत येताना निफाड आलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलं चालतं." त्या पट्टीवर ते पुन्हा कधी गेले नाहीत. मी आग्रह केला नाही. काय म्हणून करणार होते?

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी सुटली, पावलं आखूड झाली, चेहऱ्यावरचं हसू आतल्या आत राहू लागलं. एकट्याने सांभाळणं मित्राला जमेना, तेव्हा विमान पेटीसकट दूरच्या एका फ्लाइंग क्लबला विकलं. काही महिन्यांनी तिथल्या माणसाचा फोन आला. त्याला पेटी फार आवडली होती, पण ती विमान सारखं एकाच बाजूला नेत होती. कशी जुळवायची, असं तो विचारत होता.

मी रिसीव्हर ह्यांच्या तोंडापाशी धरला. ते समजावू लागले. तोवर त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की पलीकडून सारखं हॅलो, हॅलो येत राहिलं. ते थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मग मी ऐकून सांगायला घेतलं, पण मलाही अर्धंच कळत होतं. कोणती तार कुठून कुठे जाते हे मला ठाऊक होतं. का जाते, ते फक्त त्यांना.

त्या माणसाने सभ्यपणे आभार मानले. मग राहू द्या, आम्ही ती काढून ठेवतो, असं म्हणाला. मी फोन खाली ठेवला. हे अजून बोलत होते.