सहा विहिरींचे जयतीर्थमामा

जयतीर्थमामा,

तुम्ही हे वाचणार नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि असता तरी "हे पुण्याचं मराठी कुठून शिकलीस गो?" म्हणून पहिल्याच ओळीला हसला असता. तरीही तुमच्याशीच बोलते. तुमच्याविषयी दुसऱ्यांशी बोललं की काय होतं, ते मी एकदा करून पाहिलं आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल, कारण वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही. ऐकून घ्या.

कुंभकोणमला मेलकावेरीत आपली गल्ली. चौदा मराठी घरं, सगळी विठ्ठलाची, आणि टोकाला भजनमठ. मठातल्या देवाला रोज सकाळी अभिषेकाचं पाणी तुम्ही आणत होता. पितळेच्या दोन घागरी, अंगावर ओलं धोतर आणि तो डावा पाय, गुडघ्यापासून खाली उखळासारखा. आपल्या गावात अशा पायाकडे कोणी वळून पाहत नसे, गल्लीला दोन-तीन असायचेच. हत्तीपाय म्हणायचं आणि बाजूला होऊन वाट द्यायची.

त्याआधी तुम्ही विड्याच्या पानांच्या मंडीत होता. शंभर पानांची गड्डी डोळे मिटून लावायचा, एक पान इकडचं तिकडे नाही, असं अण्णा सांगायचे. बत्तिसाव्या वर्षी पाय सुजू लागला. मांडी घालून बसता येईना, आणि ज्याला मांडी घालता येत नाही तो दिवसभर पानं कशी लावणार? मंडीवाल्यानं हात जोडले. गोमतीमामी त्याच साली बाळंतपणात गेल्या. मग माझ्या अण्णांनी, म्हणजे मठाचा कारभार पाहणाऱ्या पांडुरंगरावांनी, तुम्हाला पाण्याची सेवा दिली. सेवेबरोबर दुपारचा प्रसादाचा भात आणि आरतीला पहिल्या रांगेतली जागा. आधी लोक तुमच्या पायाला वाट द्यायचे, आता 'देवाचं पाणी आलं' म्हणून द्यायला लागले. ती सेवा गेली असती तर तुमच्याकडे तो पायच काय तो उरला असता.

आणि असा माणूस आमच्या मागच्या दारच्या तळ्यावर गळ टाकून बसलेला मला दिसला.

१९५७चा उन्हाळा. मी बी.ए.ची परीक्षा देऊन मद्रासहून घरी आले होते आणि मास्तरणीच्या नोकरीच्या कागदाची वाट पाहत होते. हाताला काम नाही, डोक्यात तर्कशास्त्राचा पेपर ताजा. अण्णांना आधीच कुणीतरी कुजबुजलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या खिडकीतून तळं दिसतं. बघत जा, जयतीर्थ काय करतो ते. नवमीच्या आत मजला कळलं पाहिजे. देवाच्या पाण्यास मासळीचा हात लागत असेल तर सेवा काढावी लागेल."

मी बघत गेले. खरं सांगते, आनंदानं बघत गेले.

तुम्ही सकाळी सहाला यायचा. तळ्याचं पाणी पार खाली गेलेलं, मधे कमळाची पानं, कडेला चिखल. पाय चिखलात बुडवायचा नाही म्हणून तुम्ही वरच्या पायरीवर एक पाय लांब करून बसायचा. बांबूची काडी, विणकरांकडून आणलेला रेशमाचा धागा, गळाला मुंग्यांची अंडी. तुमच्या उजव्या हाताला चार पावलांवर एक ढोकरी बगळी उभी असायची, मातकट, मान आत ओढून, एखादा कारकून हजेरी लावायला थांबावा तशी. खंड्या तारेवरून सूर मारायचा आणि तुमच्या पुढ्यातून मासा नेऊन वर तोंड करून खिदळायचा. एकदा एक विरोळा पोहत पोहत तुमच्या काडीवर मान टाकून पडला. बिनविषारी खरा, पण हातभर लांब! तुम्ही हललाही नाहीत. तो जाईपर्यंत बसून राहिलात. मी वहीत लिहिलं, 'सापाला ओळखतो. रोजची सवय दिसते.'

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. तळ्यात एक मोठी मरळ होती. तिची तांबडी पिल्लं पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखी एका जागी वळवळत होती आणि ती खालून त्यांच्यावर पहारा करत फिरत होती. खाणाऱ्या माणसानं गळ तिथेच टाकला असता. तुम्ही मुद्दाम उठून, लंगडत, दुसऱ्या पायरीवर गेलात. मी काय लिहिलं असेल? 'मोठे मासे दुसऱ्यासाठी राखतो.' तो दुसरा कोण, तेही मीच ठरवलं. पलीकडच्या काठावर बदकं चारणारा महालिंग.

महालिंगाला मी गाठलं. "काय रे, मामा मासे तुला देतात?"

तो बदकांच्या काठीवर हनुवटी टेकवून हसला. "त्यांचे मासे बोटाएवढे, अम्मा. माझं मांजर तोंड लावणार नाही."

"मग करतात काय त्यांचं?"

"तुमच्या गल्लीत घेऊन जातात. तुम्हीच सांगा, काय करता!"

मासे गल्लीत येतात? आपल्या गल्लीत? म्हणजे प्रश्न मामांचा नव्हता, गिऱ्हाइकांचा होता.

दुसऱ्या दिवशी मी मागून निघाले. तुमच्या हातात तांब्याचा चेंबू, म्हणजे लोटा, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मठाची विहीर उन्हाळ्यात आटत आली की अभिषेकाचं पाणी घराघरांतल्या विहिरींवरून आणायची तुम्हाला मुभा होती, त्यामुळे कुणाच्याही परसात शिरलात तरी कोणी हटकत नसे. तुम्ही मीनाक्षीबाईंच्या परसात गेलात. केळीआडून मला तुमची पाठ तेवढी दिसली. बाहेर आलात तेव्हा चेंबू रिकामा, उलटा धरलेला.

मीनाक्षीबाई! सोवळ्या, एकवेळ जेवणाऱ्या, एकादशीला पाणीसुद्धा न पिणाऱ्या मीनाक्षीबाई!

आठ दिवसांत मी पाच घरं टिपली. आणि मामा, एकदा संशय नाकात शिरला की सगळ्याच फोडण्यांना वास येतो. शेजारच्या व्यंकोजीच्या घरून मेथीचा वास आला तरी मी थांबून हुंगत होते. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "आम्मी कुणाच्या चुलीत डोकावत नाही." पण दुसऱ्या दिवशी ताक मागायच्या निमित्तानं ती स्वतःच तीन घरं फिरून आली.

नवमीला संध्याकाळी भजन झाल्यावर अण्णांनी विषय काढला. तुम्ही खांबाला टेकून उभे होता. मला उठून सांगायला सांगितलं, आणि मी सांगितलं. तारीख, वेळ, घर, सगळं वहीतून वाचून दाखवलं. पाच नावं.

मीनाक्षीबाई उठल्या तेव्हा त्यांच्या पदराचा वारा मला लागला. "माझ्या चुलीत मासळी? ये, हुंग माझी चूल! कॉलेजात हेच शिकवलं काय गो तुजला, कुत्रीचं नाक?"

"मामांचा चेंबू तुमच्या परसात रिकामा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं," मी म्हटलं.

"परसात चूल नाही, विहीर आहे!" त्या ओरडल्या. आणि ओरडता ओरडता थांबल्या.

सगळ्यांनाच एकदम कळलं. व्यंकोजी कंदील घेऊन धावला, मीनाक्षीबाईंच्या विहिरीत घागर सोडून वर काढली. घागरीत दोन मासे होते, डोक्यावर चांदीची टिकली असलेले, वरच्या वर पोहणारे.

अण्णांचा चेहरा उतरला. "जयतीर्था, हे तू टाकलेस?"

"होय."

"आणि ह्याच विहिरींचं पाणी देवास आणलंस?"

"होय. कावेरीचं पण आणतों, अण्णा. तिच्यांत मासे नाहींत काय?"

कुणीतरी हसलं. अण्णा नाही. "नदी वाहते. नदीस विटाळ नाही. विहिरीस आहे."

"विहिरींत डासांची पिल्लं आहेत, त्यांचा विटाळ नाहीं?" तुम्ही म्हणालात. सरकारी माणसं विहिरीत औषध टाकायला आली होती, तेव्हा गल्लीनं त्यांना हाकललं होतं. जाताना त्यांच्यातला एकजण तुमच्या पायाकडे बघून म्हणाला होता, औषध नको तर टिकलीचे मासे सोडा, ते अळ्या खातात. तेवढंच तुम्ही धरून बसला होता. "माझा पाय ह्या विहिरींनीं केला. आणखी कुणाचा होऊं नये, म्हणून. विचारलं असतं तर तुम्मी होय म्हटलं असतं?"

मग मीनाक्षीबाई माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "पाच विहिरी हिनं मोजल्या. पांडुरंगरावांची कोण मोजणार?"

आमची विहीर सहावी निघाली. मी केळीआड दडायला आधीच घराबाहेर पडलेली असायची आणि तळ्यावरून निघालात की तुम्ही पहिल्यांदा आमच्याच परसात शिरायचा.

ती निघाली नसती तर अण्णांनी कदाचित प्रायश्चित्तावर भागवलं असतं. स्वतःच्याच विहिरीत मासा सापडलेल्या कारभाऱ्याला सौम्य राहता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथे सेवा काढली आणि व्यंकोजीला दिली. मठाच्या विहिरीच्या कट्ट्यावर तुम्ही पाय ठेवायचा नाही, असंही सांगितलं. तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढून नीट घडी घातलीत, पहिल्या रांगेतल्या तुमच्या जागेवर ठेवलंत आणि गेलात. चार दिवस सहाही विहिरी उपसल्या, चुना टाकला. मासे केळीच्या बुंध्याशी फेकले. कावळ्यांची चंगळ झाली.

पाचव्या दिवशी तुम्ही पुन्हा तळ्यावर होता. ह्या वेळी मी खिडकीतून पाहिलं नाही, पायऱ्या उतरून आले. ढोकरी उडाली.

"बस," तुम्ही म्हणालात. "वही आणलीस काय?"

"नाही."

तुम्ही गळ माझ्या तळहातावर ठेवलात. गळाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा असतो, तो घासून सपाट केलेला होता. "तोंड फाटलं तर जगत नाहींत," तुम्ही म्हणालात, इतकंच. मला तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं, म्हणून विचारलं, "खरं सांगा मामा, एकही कधी खाल्ला नाहीत?"

"मद्रासच्या खानावळींत तू एकही अंडं खाल्लं नाहींस?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही दिलं नाही. त्यामुळे माझा तो एक संशय आजही तसाच आहे, आणि तुमचाही असणार.

मग तुम्ही चेंबू माझ्यापुढे सरकवलात. आत नऊ मासे. "घरांच्या विहिरी राहूं दे. हे मठाच्या विहिरीस. भजनाला बायका पोरांस घेऊन येतात, पोरं त्या विहिरीच्या कट्ट्यावरच निजतात. रोज संध्याकाळीं डास तिथें सर्वांत जास्त. मजला कट्टा बंद. तुजला कोण अडवणार? पांडुरंगरावांची लेक. नुसतं वाकून पाणी बघायचं नि चेंबू कलता करायचा. करशील?"

"करते," मी म्हटलं.

"आजच. उद्यां त्यांतले निम्मे मरतील."

"आजच."

मी मठात गेले. कट्ट्यावर व्यंकोजी बसला होता, नव्या सेवेची नवी घागर चिंचेनं घासत. मला पाहून म्हणाला, "काय गो, आता कुणाच्या मागावर?" मी म्हटलं, सहज आले होते. फडक्याखाली चेंबूत मासे टकटक करत होते, त्याला ऐकू येईल असं मला वाटत राहिलं. मागच्या गल्लीनं परत आले, न्हाणीपाशी दगडाची दोणी होती तिच्यात मासे ओतले आणि ठरवलं, व्यंकोजी जेवायला गेला की जाऊ.

दुपारी टपाल आलं. तिरुच्चीच्या शाळेतली नोकरी, सोमवारपासून हजर व्हायचं. आई रडली, अण्णा पंचांग घेऊन बसले, ट्रंक माळ्यावरून खाली आली. व्यंकोजी जेवायला कधी गेला ते मी पाहिलं नाही. संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर जाताना टांगा मठावरून गेला. कट्ट्यावर पोरं निजली होती, कुणीतरी पदरानं वारा घालत होतं.

चेंबू तुमचा तुम्हाला परत पाठवायला मी आईला सांगितलं. आईनं पाठवला. रिकामा होता, म्हणून मी काम केलं असंच तुम्ही समजला असणार. तिरुच्चीहून मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली, दोन्हींत तब्येत विचारली. मठाच्या विहिरीत ते नऊ मासे सोडायचे मात्र राहून गेले.